गाळणं कुणासाठी

इंजिन बदलायचं ठरलं की प्रत्येकजण फाउंडेशनचं विचारतो. गिअरबॉक्सशी जुळतंय का, रेडिएटर पुरेल का, पंखा पत्र्याला लागेल का. हवा कुठून घेणार, हे कुणी विचारत नाही. हवा काय, सगळीकडं आहे! मग इंजिन बसतं, वायरिंग होतं, लिंबू-नारळ होतो, आणि एअर क्लिनर बॉनेटखाली जी वीतभर जागा उरली असेल तिथं, भंगारातल्या पट्टीचं ब्रॅकेट करून, हाताला लागेल त्या होजनं जोडून दिला जातो. मी आयटीआयत डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. इंजिन बदलून वर्ष-दीड वर्षात पुन्हा बोअर-पिस्टनला आलेल्या गाड्या माझ्या डोळ्याखालून गेल्यात. बहुतेकींचा घात ह्या वीतभर जागेनं केलेला असतो.

घरच्या जीपचं इंजिन बदललं तेव्हा मी हवेची जागा आधी ठरवली आणि जुनं इंजिन नंतर उतरवलं. दादाला ते उलटं वाटलं. जीप महिंद्राची, आण्णांनी घेतलेली, मूळचं प्यूजो डिझेल. ते थकलं होतं. ऑइल खायचं, थंडीत ढकलल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. महिंद्राचंच डीआय इंजिन मिळालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी, आरसी बुकात नव्या इंजिन नंबरची नोंद, हे सगळे हेलपाटे दादानं घातले. चासी नंबर तोच, म्हणून सरकारच्या लेखी जीप तीच. मिलिंद राजाला नागसेनानं रथावरून जे विचारलं ते ज्यांना आठवेल, त्यांना इथं थांबावंसं वाटेल: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. मला त्यात फारसा रस नाही. नाव कशाला चिकटवायचं ते आरटीओ बघून घेतं. मला अडवतो तो आज्जीचा प्रश्न.

आम्ही शिरोळ तालुक्यातले दिगंबर जैन. जैन म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राच्या डोळ्यापुढं पेढीवरचा माणूस येतो. आमच्याकडचा उसाच्या सरीत गुडघाभर चिखलात उभा असतो. आज्जी पाणी गाळल्याशिवाय पीत नसे, ह्यात नवल नाही; गल्लीतल्या सगळ्याच घरांत ते होतं. नवल आहे ते गाळण्याच्या रीतीचं. कापड जाड, दुहेरी. शास्त्रात छत्तीस अंगुळं लांब आणि चोवीस अंगुळं रुंद सांगितलंय. आज्जी ते उन्हाकडं धरून बघायची. सूर्य आरपार दिसला तर कापड बाद. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं चालतं. पुढं पुन्हा गाळायचं.

इथवर झालं ते अर्धं काम. गाळून झालं की कापड उलटं धरून त्यावरून गाळलेलंच पाणी हळू सोडायचं, खाली भांड्यात घ्यायचं, आणि ज्या विहिरीचं पाणी असेल त्याच विहिरीत परत न्यायचं. वरून ओतायचं नाही, जीव आदळून मरतील. त्यासाठी आमच्याकडं एक पोहरा होता, त्याच्या बुडालाही कडी होती. पोहरा पाण्याला टेकला की बुडाची दोरी ओढायची, म्हणजे तो तिथल्या तिथं अलगद पालथा होतो. आडाचं आडात, नदीचं नदीत. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात तगत नाही, असं ती म्हणायची.

जुन्या इंजिनाचा एअर क्लिनर तेलाचा होता. आता तो फारसा बघायला मिळत नाही, जुन्या ट्रॅक्टरला असतो. पत्र्याचा डबा, तळाला वाटीभर ऑइल, वर तारेच्या गुंत्याची जाळी. हवा मधल्या नळीतून खाली येते, तेलाच्या तोंडाशी एकदम उलटी वळते आणि जाळीतून वर जाते. हवा हलकी, ती वळते. धुळीच्या कणाला वजन असतं, त्याला वळता येत नाही, तो सरळ तेलात जातो. आण्णा सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून ती वाटी उघडायचे. तळाला काळा चिखल साचलेला. काडीनं ढवळलं की त्यातून माशा निघायच्या, चिलटं, पतंगाचा अर्धा पंख, पेटवलेल्या पाचटाची राख. आज्जी पायरीवर गहू निवडत बसलेली. तिनं वाकून बघितलं.

"ह्यातली परत कुठं सोडतोस रं?"

"आई, ती मेलेली असत्यात."

"मग गाळतोस कुणासाठी?"

"इंजिनासाठी."

आण्णांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. त्यांनी वाटी डिझेलनं धुतली, नवं ऑइल ओतलं. आज्जीही पुढं काही बोलली नाही. पण त्या चार वाक्यांत जे आहे ते मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलं नाही, आणि प्रवचनातही फार थोड्यांनी त्याला हात घातलाय. दोघंही गाळत होते. आज्जी गाळायची ती गाळण्यावर जे अडकतं त्याच्यासाठी, आण्णा गाळायचे ते गाळण्यातून जे पार होतं त्याच्यासाठी. कापडाच्या कुठल्या बाजूला आपला जीव गुंतलाय, त्यावर ते काम धर्मात जमा होतं की देखभालीत. निदान आज्जीचा हिशेब तसा होता.

आता थोडं इंजिनाच्या बाजूनं. माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. अडीच लिटरचं डिझेल इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर दोन हजार लिटरच्या वर ओढतं. जुन्या डिझेलला पेट्रोलच्या इंजिनासारखी हवा अडवणारी झडप नसते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असो नसो, प्रत्येक सक्शनला ते पोटभर ओढणार. एक लिटर डिझेल जळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. पंपावर आपण डिझेलचे पैसे मोजून देतो, भाव वाढला की सरकारला शिव्या घालतो, आणि गाडीच्या पोटात सगळ्यात जास्त जातो तो हा फुकटचा माल.

त्यात धूळ असतेच. आमच्याकडची काळ्या मातीची, मऊ. शिरोली एमआयडीसीकडं फाउंड्रीची वाळू उडते, ती गारगोटीची, लायनरच्या बिडाहून कठीण. इचलकरंजीत मागांवरचा कापूस हवेत तरंगत असतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. इंजिनाचं खरं वाटोळं करणारा कण त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासचा, डोळ्याला न दिसणारा. रिंग आणि लायनर यांच्यामधल्या तेलाच्या पापुद्र्याच्या मापाचा असतो, म्हणून नेमका तिथं अडकतो आणि घासत राहतो. मोठा खडा तिथवर पोचतच नाही.

धर्मशास्त्राच्या बाजूनं बघितलं तर मामला आणखी अवघड. माशी-चिलटाचं सोडाच, आमच्या शास्त्रात हवा स्वतःच सजीव आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती ही एकेंद्रिय जीवांची शरीरं. प्राण दहा मानलेत: पाच इंद्रियं, मन-वाणी-काया यांची तीन बळं, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. एकेंद्रियाला त्यांतले चार असतात, आणि त्या चारांत श्वासोच्छ्वास आहे. म्हणजे ज्या हवेचा आपण श्वास घेतो तिलाही श्वास आहे. उपनिषदांत इंद्रियांचं भांडण लागतं आणि प्राण उठून जायला निघाला की सगळी शरण येतात. तिथं प्राण सगळ्यांचा राजा. आमच्याकडं श्वास दहांतला एक, आणि तो घेणाराही जीव, घेतला जाणाराही जीव. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा विसाव्या हिश्शाच्या आसपास दाबली जाते, इतकी तापते की डिझेल पडताक्षणी आपोआप पेटतं. श्रद्धा ठेवून बघायचं तर सिलिंडरसारखी भयंकर जागा शोधून सापडणार नाही.

ह्यावर हात झटकायच्या दोन सोप्या वाटा आहेत. एक, हे सगळं जुनाट, इंजिनाशी त्याचा काय संबंध. दुसरी, गाडी विका आणि चालत फिरा. दुसरी वाट आमच्या मुनींनी खरोखर धरलीय. ते वाहनात बसत नाहीत, मोरानं आपणहून टाकलेल्या पिसांची पिंछी घेऊन जमीन झाडत चालतात. आचार्य शांतिसागर महाराज आमच्याच भागातले, पलीकडच्या भोज गावचे. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली तोवर सारा देश ते पायांनीच फिरले. पण श्रावकाला, म्हणजे माझ्यासारख्या संसारी माणसाला, शास्त्र तेवढं मागत नाही. हिंसेचे चार प्रकार केलेत. ठरवून केलेली संकल्पी, घरकामातली आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यातली उद्योगी, आणि स्वतःच्या बचावातली विरोधी. श्रावकानं पहिली पूर्ण सोडायची. बाकीच्या होतातच, त्या जपून करायच्या. नांगर धरणाऱ्या समाजानं शेकडो वर्षं ह्याच वाटेनं मार्ग काढला.

जपून म्हणजे काय, ह्यावर दहाव्या शतकातले आचार्य अमृतचंद्र यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात फार कडक विचार केलाय. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: माणूस सावध असेल, मनात राग-द्वेष नसेल, तर हातून जीव गेला तरी ती हिंसा ठरत नाही, आणि बेफिकीर असेल तर एकही जीव न जाता हिंसा घडून गेलेली असते. मेलेल्यांची मोजदाद करून पाप ठरत नाही. प्रमादावरून ठरतं.

हा विचार मला वर्कशॉपमध्ये जितका पटतो तितका देवळात पटत नाही. वर्कशॉपमध्ये प्रमाद डोळ्यांनी दिसतो, त्याला बोट लावता येतं.

उदाहरणार्थ, फिल्टरचा डबा कशावर बसवायचा. रबरी फाउंडेशनवरचं इंजिन सुरू होताना आणि बंद होताना चांगलं हलतं. बॉनेट उघडून बघा, अंगठाभर झोका खातं. बॉडी त्याच्याबरोबर हलत नाही. डबा इंजिनावर बसवला तर त्याचं वजन आणि थरथर मिळून ब्रॅकेट तोडतात. बॉडीवर बसवला तर मधली जोडणी लवचीक हवी, घड्यांची होज हवी. सरळ पाइप ताठ जोडून दिला की दोघांच्या ओढाताणीत तो कुठंतरी चिरतो, आणि हमखास फिल्टरच्या पुढच्या अंगाला चिरतो. फिल्टरच्या अलीकडं भोक पडलं तर फिल्टर सांभाळून घेतो. पलीकडं केसाएवढी चीर गेली की नवाकोरा फिल्टर नुसता शोभेला, कारण हवा सोपी वाट धरते.

मी डबा बॉडीवर, फायरवॉलला लागून बसवला. नव्या इंजिनाच्या मॅनिफोल्डचं तोंड जुन्या जागेशी जुळत नव्हतं, मध्ये दोन बाक आले. पाइप लोखंडी, मॅनिफोल्डच्या तोंडाहून बारीक नाही. असल्या ठिकाणी पीव्हीसीचा पाइप लावलेला मी बघितलाय. इंजिनाच्या उष्णतेनं तो मऊ पडतो आणि ओढीनं चपटा होतो. बाकाच्या वेल्डिंगला आतून मोहरीएवढे थेंब लटकलेले होते. बाहेरून शिवण सुरेख, वेल्डर आमचाच सहकारी, त्याचा हात गोड. पण आतला एखादा थेंब सुटला तर थेट व्हॉल्व्हवर जाणार. गोल कानस घालून ते सगळे काढले, पाइप धुतला, पांढरं कापड काडीला गुंडाळून आतून फिरवलं. ते काळं आलं. परत धुतला. पाइपाच्या दोन्ही टोकांना लेथवर काठ उठवून घेतला, म्हणजे होज क्लिप आवळल्यावर सरकत नाही.

वेल्डर-सहकारी वारकरी आहे. माझं पाइपात काडी फिरवणं बघून म्हणाला, "सर, फिल्टर बसवताय का महाराजांचा आहार चाललाय?" मी हसलो, पण त्याला चेष्टेतच बरोबर सापडलं होतं. आमच्याकडं मुनींना आहार देताना असंच चालतं. पाणी गाळून तापवलेलं, धान्य दाणा दाणा बघितलेलं, केस निघाला की सगळं थांबतं.

शेवटी कसोटी. इंजिन मंद चालू ठेवायचं आणि डब्याचं बाहेरचं तोंड झाकायचं. हातानं झाकू नये, ओढ जोराची असते. लाकडी फळी धरावी. जोडणी पक्की असेल तर इंजिन दोन-चार आचके देतं आणि बंद पडतं. बंद पडलं नाही तर समजायचं, चोरवाट आहे, ते कुठूनतरी न गाळलेली हवा पितंय. पोरांना मी हे पहिल्या वर्षीच दाखवतो. चालू इंजिन बंद पडलं की काम बरोबर झालं, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरायला वेळ लागतो.

एवढं सगळं केलं तरी आज्जीचा प्रश्न होता तिथंच. ही सगळी काळजी इंजिनासाठीच होती. अमृतचंद्रांच्या कसोटीला मी उतरलो असतो, आज्जीच्या नाही. आणि खरं सांगायचं तर प्रमादाचा नियम जरा सोयीचा आहे, असा संशय मला येतो. 'मी काळजी घेतली' असं म्हणणारा सुटला. कशाची काळजी, कुणाची काळजी, हे तो नियम आपणहून विचारत नाही. आज्जी विचारायची. ती कधी शाळेत गेली नव्हती, आणि तरी ह्या जागी तिची बाजू मला आचार्यांपेक्षा वजनदार वाटते. असं लिहिणं आमच्या समाजात काहींना आवडणार नाही.

विहिरीत परत सोडता येतं, हवेत सोडता येत नाही. तेलात पडलेली माशी गेली. कागदी फिल्टरच्या घडीत अडकलेलं चिलट गेलं. परत करणं शक्य नसेल तर मुळात घ्यायचंच कमी करावं. मग बाहेरचं तोंड कुठं आणि केवढं, हा प्रश्न वेगळा दिसायला लागला.

बहुतेकजण तोंड पुढं, ग्रिलच्या मागं काढतात, थंड हवा मिळावी म्हणून. गरज खरी आहे; हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता तीन टक्क्यांच्या आसपास उतरते, गाडी ओढत नाही. पण ग्रिलच्या शेजारी हेडलाइट. रात्री उसाच्या वाटेवर दिव्याकडं किती पतंग येतात, ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. दिव्यानं बोलवायचं आणि शेजारच्या तोंडानं गिळायचं! चाकाच्या वर मडगार्डात तोंड काढलं तर चिखल आणि पाणी. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा-कृष्णेनं आमच्या तालुक्यात काय केलं ते सगळ्यांनी बघितलं. हवेच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, पाणी दबतच नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून तोंड मी वर, पुढच्या काचेच्या बुडाशी नेलं. दिव्यापासून लांब, सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाला, बाजूला वळवून.

आणि तोंड मोठं केलं. अडीच इंची पाइपातून हवा ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास वेगानं जाते. त्या ओढीत सापडलेलं फुलपाखरू सुटत नाही. तीच हवा साधारण पंचवीस सेंटिमीटर लांब आणि वीस रुंद चौकटीतून घेतली तर वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या आत येतो, चालत्या माणसाहून कमी. चौकटीला तारेची बारीक जाळी मारली. उभ्या गाडीत इंजिन चालू असताना मधमाशी त्या जाळीवर बसते, फिरते, उडून जाते. मी ते वाकून वाकून बघितलंय. फायदा इंजिनालाही झाला, मंद हवा धूळ कमी उचलते. पण चौकट एवढी मोठी केली ती इंजिनासाठी नाही, हे मला ठाऊक आहे. दादाला मात्र मी धुळीचंच कारण सांगितलं.

वेल्डर-सहकारी इथंही सोडायला तयार नव्हता. "आणि साठनं गाडी निघाली की काचेवर आपटून मरतात त्यांचं काय?" त्याचं बरोबर आहे. काचेवर मरणारे जाळीवर वाचणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. रात्री काम नसेल तर गाडी काढायची नाही, काढली तर हळू, ह्यापलीकडं माझ्याकडं उत्तर नाही. हळूलाही दादाची ना असते, कारखान्यावर उसाची खेप गाठायची असते.

तेलाचा की कागदी, हा वाद मात्र मी लवकर मिटवला. कागदी नव्याण्णव टक्क्यांच्या वर धूळ पकडतो. तेलाचा त्याहून मागं, आणि मंद फेऱ्यांवर हवेला वेग नसल्यानं आणखी मागं. शिवाय उघडी तेलाची वाटी म्हणजे पतंगांचा सापळा. कागदीच बसवला. कागदी फिल्टरची एक गोष्ट पोरांना खोटी वाटते: तो अगदी नवा असताना सर्वांत कमी पकडतो. थोडी धूळ बसली की तो थरच पुढची धूळ अडवतो. म्हणून रोज उघडून कॉम्प्रेसरची हवा मारणारा माणूस फिल्टरचं नुकसान करतो. कागद फाटतो, आणि उघडताना डब्यातली माती स्वच्छ अंगाला सांडते ती वेगळीच. सोवळं पाळणाऱ्या काही घरांत मी असेच हात बघितलेत, धुऊन धुऊन सोललेले.

आता दुसरं टोक. फिल्टर तुंबला तर हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सर काळा धूर मारतो. तो धूर ड्रायव्हरला दिसत नाही. मागच्या मोटारसायकलवरच्या बाईला दिसतो, तिच्या मांडीवरच्या पोराला दिसतो. इंजिनासाठी घेतलेली काळजी इथं पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडते. स्थानकवासी साधूंच्या तोंडावरची मुहपत्ती बघून लोकांना वाटतं, चिलट आत जाऊ नये म्हणून बांधलीय. तिचं मोठं काम वेगळं आहे: बोलताना बाहेर पडणाऱ्या उष्ण श्वासानं बाहेरच्या हवेतल्या जीवांना इजा होऊ नये. आम्ही दिगंबर, आमचे मुनी ती बांधत नाहीत, आणि पंथापंथांत त्यावरून पुष्कळ खल झालाय. पण गाळणं बाहेर जाणाऱ्या वाटेवर लावायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला आज्जीचा प्रश्न कळला होता. मोटारीच्या धंद्याला ती सुचायला फार उशीर झाला. आपल्याकडं एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळीचा फिल्टर बसला. तोवर इथलं डिझेल इंजिन स्वतःपुरतं गाळून घेत होतं आणि बाहेर थुंकत होतं.

आमच्या जीपला तो नाही. पीयूसीला जुन्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ एचएसयू. दाखला मिळतो. मिळाला म्हणजे मागचा माणूस धूर पीत नाही असं नाही, कायद्याला चालेल एवढाच पितो.

चातुर्मासात गावात महाराज होते तेव्हा मी नमोस्तु करून हे सगळं त्यांच्यापुढं मांडलं, तोंडाची चौकट, जाळी, धूर, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "आम्ही गाडीत बसत नाही. तुम्ही बसता. तेव्हा तुमचं तुम्हीच बघायचं. झोपेत बघू नका म्हणजे झालं." शेजारच्या पंडितजींना वाटलं, महाराजांनी मला वाटेला लावलं. मला तसं वाटलं नाही. पण त्यांनी हिंसा कमी झाली असंही म्हटलं नाही, आणि ते मी घरी सांगताना गाळत नाही.

गेल्या सत्रात एअर क्लिनरचा धडा चालू असताना मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, "सर, इलेक्ट्रिक गाडीला हवाच लागत नाही. मग हे सगळं मिटलं की." पोरगं हुशार. मी म्हटलं, तुझ्या गाडीचं नाक कोराडीला आहे. तिथल्या बॉयलरला कोळसा जाळायला जी हवा लागते ती घरात चार्जिंगला लावल्यावर तुला दिसत नाही, एवढंच. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आणि सोलरवर चार्ज केली तर?"

सोलरवर मला पटकन बोलता आलं नाही. तास संपत आला होता. स्टँडवरच्या इंजिनाला त्याच्याच गटानं त्या दिवशी होज जोडलेली होती, म्हणून इंजिन सुरू करायला सांगितलं आणि त्याच्याच हातात फळी दिली. त्यानं तोंड झाकलं. इंजिन चालूच राहिलं.